बेसबॉल, रेडिओ आणि ऐकणाऱ्यांचं मत

मंडळी, आजचा लेख बेसबॉलवर आहे. लगेच नाकं मुरडू नका. खेळाचे नियम समजावत बसणार नाही, कारण ते मलाही अर्धेच कळतात. मला रस आहे तो खेळ ऐकणाऱ्या माणसांमध्ये.

निमित्त असं. माझा नातू पिट्सबर्गला असतो. तो आणि त्याचे दोन मित्र तिथल्या पायरेट्स या संघावर एक पॉडकास्ट सुरू करावा का, या विचारात आहेत. ज्यांना हा शब्द नवा असेल त्यांच्यासाठी : पॉडकास्ट म्हणजे इंटरनेटवरचा रेडिओचा कार्यक्रमच, फक्त तो आपल्याला हवा तेव्हा लावता येतो. हा शब्द पहिल्यांदा छापून आला तो २००४ साली, 'गार्डियन' या इंग्रजी वर्तमानपत्रात. तर या पोरांनी ओळखीच्या सगळ्या बेसबॉलवेड्यांना प्रश्नांची एक यादी पाठवली. कार्यक्रम किती मिनिटांचा हवा? आकडेवारी किती हवी? एकाने बोलावं की तिघांनी? जाहिरात चालेल का? आणि शेवटचा प्रश्न, आपल्याच संघावर टीका ऐकायला आवडेल का?

यादी माझ्याकडेही आली. मी काय उत्तर देणार! पण इतिहास शिकवण्यात आयुष्य गेलं, त्यामुळे मला लगेच वाटलं की हे प्रश्न नवे नसणार. यंत्र नवं असतं, प्रश्न जुनेच असतात. म्हणून गेले काही महिने मिळेल ते वाचत बसलो. त्यातून जे हाती लागलं ते तुमच्यापुढे ठेवतो.

गंमत म्हणजे ही गोष्ट सुरू होते ती पिट्सबर्गमध्येच. केडीकेए हे तिथलं रेडिओ केंद्र २ नोव्हेंबर १९२० रोजी अमेरिकेच्या अध्यक्षीय निवडणुकीचे निकाल सांगून सुरू झालं. पुढच्या वर्षी, ५ ऑगस्ट १९२१ला, हॅरॉल्ड आर्लिन नावाचा २५ वर्षांचा तरुण फोर्ब्स फील्ड या मैदानावर जाऊन बसला. दिवसा वेस्टिंगहाउसच्या कारखान्यात नोकरी आणि संध्याकाळी रेडिओवर निवेदन, असा त्याचा दिनक्रम. टेलिफोनचाच तुकडा जुळवून केलेला मायक्रोफोन हातात धरून त्याने पायरेट्स आणि फिलाडेल्फियाचा सामना सांगितला. पायरेट्स ८-५ने जिंकले. मोठ्या साखळीतल्या बेसबॉलचं रेडिओवरचं हे पहिलं धावतं वर्णन. आर्लिनने पुढे सांगितलं आहे की हे कुणाला ऐकावंसं वाटेल अशी त्यांना फारशी खात्रीच नव्हती.

ऐकणारे आहेत की नाहीत, हे कळलं ते पोस्टमनमुळे. १९२३च्या वर्ल्ड सिरीजसाठी न्यूयॉर्कच्या केंद्राने ग्रॅहॅम मॅकनमी याला बसवलं. मूळचा तो गायक, बेसबॉलचा जाणकार वगैरे नव्हे. पण तो सांगायचा ते आकाशाचा रंग, प्रेक्षकांच्या टोप्या, गर्दीतली कुजबुज. १९२५ची सिरीज संपल्यावर त्याला ५० हजार पत्रं आली म्हणतात. रिंग लार्डनर या खवचट लेखकाची एक कोटी प्रसिद्ध आहे. तो मैदानावर मॅकनमीच्या शेजारी बसला होता. नंतर त्याने लिहिलं की आज दोन सामने झाले, एक मी डोळ्यांनी पाहिला तो आणि दुसरा शेजारून ऐकू आला तो!

ही कोटी हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ऐकणाऱ्याला डोळे नसतात. त्याच्या वतीने कुणीतरी दुसरा बघतो. त्या दुसऱ्याने खरं सांगावं, एवढंच तो मागू शकतो. पुढच्या सगळ्या इतिहासाची गाठ मला इथेच दिसते.

संघांच्या मालकांना मात्र वेगळीच काळजी होती. फुकट ऐकायला मिळालं तर तिकीट कोण काढील? शिकागो कब्जचे मालक विल्यम रिग्ली (चुईंगगमवाले) यांचं मत उलटं होतं. त्यांनी १९२५च्या सुमाराला ज्या केंद्राला हवं त्याला दारं उघडून दिली. १९२५मध्ये कब्जचे सामने बघायला ६ लाख २२ हजार माणसं आली होती. १९२७मध्ये ११ लाखांहून जास्त आली, तर १९२९मध्ये १४ लाख ८५ हजार. आता वर्गात मी मुलांना सांगायचो तेच इथे सांगतो. एकापाठोपाठ घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं असं नव्हे. १९२५ला कब्ज तळाला होते, नंतर संघ सुधारला आणि १९२९ला तर नॅशनल लीगमध्ये पहिला आला. जिंकणाऱ्या संघाकडे गर्दी जातेच. पण रेडिओने गर्दी आटते ही भीती तरी खोटी ठरली, हे नक्की.

तरीही न्यूयॉर्कच्या तिन्ही संघांनी, म्हणजे यांकीज, जायंट्स आणि ब्रुकलिनचे डॉजर्स यांनी, आपसात करार करून १९३४ ते १९३८ अशी पाच वर्षं रेडिओला मैदानाबाहेर ठेवलं. मंदीचा काळ. हाताला काम नाही, तिकिटाला पैसे नाहीत, आणि घरातल्या घरात ऐकायची सोयही बंद. या करारातून ब्रुकलिन बाहेर पडलं ते लॅरी मॅकफेल या नव्या प्रमुखामुळे. त्याने १९३९ला सिनसिनाटीहून रेड बार्बर या निवेदकाला बोलावून घेतलं. त्या वर्षी ब्रुकलिनचे प्रेक्षक ६ लाख ६३ हजारांवरून ९ लाख ५५ हजारांवर गेले. बाकीच्या दोघांनीही मग मुकाट्याने दारं उघडली.

या रेड बार्बरला जरा नीट ओळखून घ्या. माझ्या लेखाचा नायक तोच आहे. जन्म मिसिसिपीतला, वाढला फ्लॉरिडात, बोलणं दक्षिणेकडचं संथ, शब्द खेड्यातले. ब्रुकलिनसारख्या धावपळीच्या गावात ते बोलणं लोकांच्या इतकं अंगवळणी पडलं की त्याच्या गावाकडच्या म्हणी तिथली मुलं वापरायला लागली. तो शेजारी अंडं उकडायला लावतात तसलं तीन मिनिटांचं वाळूचं घड्याळ ठेवायचा. वाळू खाली आली की धावसंख्या सांगायची आणि घड्याळ उलटं करायचं. आत्ताच रेडिओ लावलेल्या माणसाला ताटकळत ठेवू नये, एवढाच हेतू. आमच्या लहानपणी टेस्ट मॅच चालू असली की चहाच्या हॉटेलातल्या रेडिओभोवती कोंडाळं जमायचं आणि उशिरा आलेला प्रत्येक जण 'स्कोर काय?' म्हणून आधी शेजाऱ्याची पाठ थोपटायचा. ज्यांनी हे केलंय त्यांना त्या वाळूच्या घड्याळाचं मोल लगेच कळेल.

त्या काळी बाहेरगावच्या सामन्यांना निवेदक जात नसत. मैदानावरून तार यायची, त्यात दोन-चार सांकेतिक अक्षरं, आणि स्टुडिओत बसलेला निवेदक त्यावरून सगळा सामना 'उभा' करायचा. लाकडावर लाकूड आपटून फटक्याचा आवाज, तबकडीवर टाळ्या. पुढे अमेरिकेचे अध्यक्ष झालेले रोनाल्ड रेगन १९३०च्या दशकात आयोवातल्या एका केंद्रावर हेच काम करत. त्यांचा आवडता किस्सा असा, की एकदा ऐन रंगात तार बंद पडली. मग त्यांनी त्या फलंदाजाला पाच-सहा मिनिटं नुसते फाउल मारायला लावले, म्हणजे धावफलकावर काहीच बदलायला नको! तार परत सुरू झाली तेव्हा कळलं की तो पहिल्याच चेंडूवर बाद झाला होता.

बार्बरही तारेवरूनच वर्णन करायचा. पण तो मायक्रोफोन तारयंत्राजवळ ठेवायचा. ते कट्ट-कट्ट लोकांना ऐकू येऊ द्यायचा. मी मैदानावर नाही, तारेवरून वाचून सांगतो आहे, हे ऐकणाऱ्याला कळायला हवं. खोट्या टाळ्या त्याने वाजवल्या नाहीत. रेगनचा किस्सा मजेदार आहे, पण मला बार्बरचं कट्ट-कट्ट जास्त आवडलं.

आता एक प्रसंग माझ्या जातभाईंचा, म्हणजे मास्तरांचा. डिझी डीन हा सेंट लुईसचा गाजलेला पिचर. १९३४च्या हंगामात त्याने ३० सामने जिंकून दिले होते. आर्कान्सामधला, कापूस वेचणाऱ्या घरातला, शाळा जेमतेम पाहिलेला. खांदा दुखावल्यावर १९४१पासून तो सेंट लुईसमध्ये रेडिओवर बोलायला लागला. त्याचं व्याकरण म्हणजे आनंदीआनंद. क्रियापदांची रूपं त्याने स्वतःच घडवलेली. १९४४ला वर्ल्ड सिरीज सेंट लुईसच्याच दोन संघांत झाली, तरी बेसबॉलचे आयुक्त न्यायमूर्ती लँडिस यांनी, याचं बोलणं देशभर ऐकवण्यालायक नाही असं ठरवून त्याला बाजूला ठेवलं. १९४६ला मिझुरीतल्या इंग्रजीच्या शिक्षकांनी सरकारी प्रसारण आयोगाकडे तक्रार केली, की या माणसामुळे आमच्या मुलांची भाषा बिघडते.

लोक मात्र डीनच्या बाजूने उभे राहिले. डीनचं उत्तरही नामी होतं. व्याकरणशुद्ध न बोलणारी पुष्कळ माणसं पोटाला दोन घास खातात आणि शुद्ध बोलणारी काही उपाशी आहेत, अशा अर्थाचं काहीतरी तो म्हणाला. मी त्या शिक्षकांच्या जागी असतो तर? वर्गात मी 'आनि-पानि' म्हणणाऱ्याला जरूर सुधारलं असतं. पण रेडिओ हा वर्ग नव्हे. शेतावर, गॅरेजमध्ये, चुलीशी काम करता करता ऐकणाऱ्यांना तो माणूस आपल्यातला वाटत होता. आपल्याकडे बाळ ज. पंडितांनी आकाशवाणीवरून क्रिकेट मराठीत सांगायला सुरुवात केली तेव्हाही, हा साहेबांचा खेळ मराठीत कसा सांगणार, म्हणून हसणारे होतेच. पण फलंदाज, गोलंदाज, षटक असं कानावर पडत गेलं आणि ज्यांना इंग्रजी कळत नव्हतं त्यांचाही तो खेळ झाला. पंडितांची भाषा स्वच्छ, डीनची मोडकी. तरी दोघांनी केलं ते एकच. बंद दाराबाहेरच्या माणसाला आत घेतलं.

डीनचं एक सांगायलाच हवं. रेडिओवर तो सेंट लुईस ब्राउन्सच्या पिचरांची इतकी खिल्ली उडवायचा की लोक म्हणाले, मग तूच टाकून दाखव. २८ सप्टेंबर १९४७, हंगामाचा शेवटचा सामना. मालकांनी खरंच ३७ वर्षांच्या डीनला उतरवलं. त्याने चार डाव टाकले, एकही धाव दिली नाही, स्वतः एक फटका मारला आणि पाय दुखावून परत रेडिओच्या खोलीत गेला. टीका करणाऱ्याने अशी किंमत मोजायची तयारी ठेवावी.

आता पोरांच्या यादीतल्या शेवटच्या प्रश्नाकडे येतो. आपल्याच संघावर टीका करावी का?

मालकांचं उत्तर बहुतेक वेळा ठरलेलं असे. १९३४च्या वर्ल्ड सिरीजमध्ये टेड ह्युसिंग या निवेदकाने पंचांच्या कामगिरीवर उघड नाराजी व्यक्त केली. लँडिस यांनी त्याला पुढच्या वर्षीच्या सिरीजमधून वगळलं. आणि आमच्या रेड बार्बरचं काय झालं? ब्रुकलिन सोडून तो यांकीजकडे गेला होता. २२ सप्टेंबर १९६६. एके काळी सगळ्यांना धूळ चारणारे यांकीज त्या वर्षी तळाला. ६५ हजारांहून जास्त माणसं मावतील अशा मैदानावर त्या दिवशी हजर होते ४१३. बार्बर तेव्हा टेलिव्हिजनवर होता. त्याने सांगितलं, कॅमेरा रिकाम्या खुर्च्यांवर फिरवा. आतून नकार आला. तेव्हा त्याने तोंडाने सांगून टाकलं की आजची खरी बातमी सामना नसून ही रिकामी मैदानं आहेत. काही दिवसांतच संघाच्या नव्या अध्यक्षांनी त्याला नाश्त्याला बोलावून कळवलं की तुमचा करार पुढे चालू राहणार नाही. तीन दशकांहून जास्त काळ माईकसमोर काढलेल्या माणसाची मोठ्या साखळीतली नोकरी अशी संपली.

म्हणजे मालक वाईट आणि ऐकणारे चांगले, असा धडा काढून मोकळं व्हावं का? मला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारणही बार्बरच्याच आयुष्यात आहे.

१९४५ला ब्रुकलिनचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी त्याला विश्वासात घेऊन सांगितलं, की मी एका काळ्या खेळाडूला संघात आणणार आहे. तोवर मोठ्या साखळीत साठेक वर्षं काळ्या माणसाला मज्जाव होता. दक्षिणेत वाढलेल्या बार्बरला हे पचेना. घरी येऊन तो बायकोला म्हणाला, मी नोकरी सोडतो. ती म्हणाली, आज रात्रीच कशाला, उद्याही सोडता येईल. त्याने पुढे स्वतःच लिहिलं आहे की विचार करता करता त्याला दिसलं, आपला जन्म कुठे झाला हे आपण काही ठरवलं नव्हतं. आणि आपलं काम चेंडू कुठे गेला हे सांगण्याचं आहे. १५ एप्रिल १९४७ रोजी जॅकी रॉबिन्सन मैदानात उतरला. बार्बरने त्याचं वर्णन इतर कुठल्याही खेळाडूसारखंच केलं. चांगला खेळला तर चांगला, चुकला तर चुकला. ना टोमणा, ना कौतुकाचा पूर. न्यूयॉर्कच्या लाखो घरांत तो दाक्षिणात्य आवाज ओळखीचा होता. त्या आवाजाने हे साधेपणाने सांगितलं, याला मोल होतं.

आता कल्पना करा, बार्बरने त्या वेळी ऐकणाऱ्यांची मतं मागवली असती तर? रॉबिन्सनबद्दल किती बोलावं, कसं बोलावं? कसली कसली पत्रं आली असती, देव जाणे. रॉबिन्सनला स्वतःला जिवे मारण्याच्या धमक्यांची पत्रं येतच होती. तीही बेसबॉल बघणाऱ्या-ऐकणाऱ्यांपैकीच कुणीतरी लिहिलेली असणार.

म्हणून मला असं वाटतं. कार्यक्रम किती वेळाचा, कोणत्या भाषेत, किती आकडे, हे ऐकणाऱ्यांना जरूर विचारावं. तिथे त्यांचंच खरं. मालकांनी दारं लावली तेव्हा शहाणपण ऐकणाऱ्यांकडे होतं, मास्तर रागावले तेव्हाही त्यांच्याकडेच होतं. पण मैदानावर काय दिसलं, हे बहुमताने ठरत नसतं. ४१३ म्हणजे ४१३. ते मालकाला आवडो की ऐकणाऱ्याला.

पॉडकास्टमध्ये संघमालकाची परवानगी लागत नाही. एफेक्टिव्हली वाइल्ड नावाचा बेसबॉलचा पॉडकास्ट २०१२ला सुरू झाला आणि त्याचे २०००हून अधिक भाग झाले आहेत. ऐकणारे प्रश्न लिहून पाठवतात, त्यांतल्या कितीतरी भागांत नुसत्या त्या प्रश्नांवरच गप्पा असतात, आणि पैसेही बऱ्याच अंशी ऐकणारेच देतात. हे छानच आहे. पण यात एक मेख आहे. पूर्वी मालकाला खूश ठेवायला लागायचं, आता वर्गणी देणाऱ्याला. पायरेट्सचा संघ १९९३ ते २०१२ अशी सलग २० वर्षं जिंकलेल्यापेक्षा जास्त सामने हरला. अशा संघाच्या चाहत्यांना कधी गोड खोटं हवं असतं, तर कधी नुसती शिवीगाळ. दोन्ही लोकप्रिय होऊ शकतात. खरं त्या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी अंग चोरून बसलेलं असतं. नातवाला मी उत्तर पाठवलं ते एवढंच : लांबी लोकांना विचारा, खरं-खोटं विचारू नका. आणि जवळ वाळूचं घड्याळ ठेवा.

बार्बरचा वारसा कुठे गेला म्हणाल, तर त्याच्या हाताखाली १९५०ला २२ वर्षांचा व्हिन स्कली उमेदवारीला आला होता. डॉजर्स १९५८ला लॉस एंजलिसला गेले तेव्हा ज्या मैदानावर खेळत, तिथून खेळाडू मुंगीएवढे दिसायचे. लोक तिकीट काढून आत जात आणि तिथे बसून खिशातल्या ट्रान्झिस्टरवर स्कलीला ऐकत! डोळ्यांसमोर काय घडलं त्याची खात्री कानांनी करून घ्यायची. १९७६ला त्या संघाच्या चाहत्यांनी मत देऊन लॉस एंजलिसच्या डॉजर्समधली सर्वांत संस्मरणीय व्यक्ती निवडली, ती कुणी खेळाडू नव्हती, स्कली होता. तो २०१६पर्यंत, ६७ हंगाम बोलत राहिला आणि २०२२ला वारला.

आणि खुद्द बार्बर? नोकरी गेल्यावर त्याने बरीच वर्षं लिहिण्यात काढली. मग १९८१पासून सार्वजनिक रेडिओवर दर शुक्रवारी सकाळी तो फ्लॉरिडातल्या आपल्या घरून चार मिनिटं बोलायचा. पलीकडे बॉब एडवर्ड्स हा तरुण निवेदक. विषय नावाला बेसबॉल. प्रत्यक्षात बागेतल्या कॅमेलियाला कळ्या आल्या का, मांजर कसं आहे, आज थंडी किती, असलं काहीही. ना मालक, ना तिकीट, ना धावफलक. बेसबॉलमधलं ओ की ठो न कळणारी माणसंसुद्धा ते ऐकत. पॉडकास्ट हा शब्द जन्माला यायला अजून वीसेक वर्षं होती, पण मला विचाराल तर तो तोच होता. ऑक्टोबर १९९२मध्ये, ८४व्या वर्षी, बार्बर गेला. तोवर अकरा-बारा वर्षं ते शुक्रवार चालू होते.

रिकाम्या खुर्च्या दाखवा म्हणणाऱ्याची नोकरी गेली, पण ऐकणारे गेले नाहीत. फुलं उमलली नसतील तेव्हा तो 'नाही उमलली' असंच सांगणार, हे त्यांना ठाऊक होतं.

असो, लेख लांबला. तुमच्या घरी रेडिओवर कुणाचा आवाज लागला की कामं थांबायची, ते जरूर लिहा.